गाडी आतून का सडते? एका जुन्या मॉरिस मायनरच्या निमित्ताने



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नुकत्याच विकत घेतलेल्या १९६७ सालच्या मॉरिस मायनरखाली मी पाठीवर पडले होते. हातात स्क्रू ड्रायव्हर. दाराखाली जी लांब, आडवी, पोकळ पेटी असते (इकडे तिला सिल म्हणतात) तिच्यावर मी त्याचं टोक टेकवलं, थोडा जोर दिला आणि ते मुठीपर्यंत आत गेलं. वर डांबरासारखा काळा लेप, त्यामागे पुट्टी, त्यामागे विटकरी भुसा. पत्रा नव्हताच.

बाहेरून गाडी नवरीसारखी नटलेली होती. फिकट हिरवा रंग, चकचकीत क्रोम. विकणाऱ्याने “खालून सगळं पक्कं आहे” असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आणि फसले कोण, तर मी! पोटापाण्यासाठी मी बॅटरीवर संशोधन करते, म्हणजे धातू, पाणी आणि विद्युतप्रवाह हेच माझं रोजचं काम. गंज हीदेखील एक बॅटरीच असते हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. पण गाडी बघायला गेले तेव्हा खिशात साधं लोहचुंबकसुद्धा नव्हतं.

फसवणुकीचं दुःख पैशांपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. मागच्या सीटला पट्टे बसवून लेकीला त्यात फिरवायचं, हा आमचा बेत होता. ती तेव्हा सहा वर्षांची होती. पट्ट्याचे बोल्ट शेवटी याच पत्र्यात जाणार. मॉरिस मायनरला ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. वाकवलेल्या पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून तयार झालेला सांगाडाच सगळा भार पेलतो. सिल सडली की गाडीचा कणाच सडला. शिवाय ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून, मोठे बदल न केलेल्या चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. म्हणजे कुणी अडवणार नव्हतं. रस्त्यावर न्यायची की नाही, हे मलाच ठरवायचं होतं.

तेव्हा आज जुन्या गाड्यांच्या या सगळ्यात जुन्या शत्रूबद्दल बोलू. तुमच्याकडे जुनी गाडी नसली तरी वाचा. तुमच्या नव्या गाडीखालीही हेच रसायनशास्त्र चालू आहे.

शाळेतल्या तीन परीक्षानळ्या

शाळेतला प्रयोग आठवतोय? तीन परीक्षानळ्या, तिन्हींत खिळे. एकीत साधं पाणी. दुसरीत उकळून हवा काढून टाकलेलं पाणी, वर तेलाचा थर. तिसरीत कोरडी हवा आणि ओलावा शोषणारं कॅल्शियम क्लोराइड. गंज चढतो तो फक्त पहिलीत. निष्कर्ष: गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. हे शंभर टक्के खरं आहे, पण अर्धंच आहे. गंज नेमका कुठे लागेल, हे त्यातून कळत नाही.

उरलेलं अर्धं असं. लोखंडाच्या पृष्ठभागावर एका ठिकाणी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडतो आणि आयन होऊन पाण्यात उतरतो. या जागेला धनाग्र म्हणू. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच प्रवास करत दुसऱ्या जागी पोचतात. तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो आणि पाण्याबरोबर हायड्रॉक्साइड आयन बनवतो. हे ऋणाग्र. पाण्यातून फिरणारे लोखंडाचे आणि हायड्रॉक्साइडचे आयन एकमेकांना भेटतात, त्यांना आणखी ऑक्सिजन मिळतो आणि आपला ओळखीचा तांबूस गंज तयार होतो.

म्हणजे चार गोष्टी लागतात: धनाग्र, ऋणाग्र, इलेक्ट्रॉनना जायला धातूची वाट आणि आयनांना जायला पाण्याची वाट. चौरंगाचे चार पाय समजा. बॅटरीतही हेच चार असतात. फरक एवढाच, की बॅटरीत इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात आणि वाटेत आपला दिवा लावतात. गंजात ती तार म्हणजे पत्राच. दोन टोकं आधीच जोडलेली, बटण कायमचं चालू.

प्रवाह किती? एका चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोअँपिअर धरा. एखाद्या लहानशा एलईडी दिव्याला जेवढा लागतो त्याचा हा साधारण हजारावा भाग. फॅरेडेच्या नियमाने हिशेब केला तर एवढ्याने वर्षाला ०.११६ मिलिमीटर लोखंड विरघळतं. गाडीचा पत्रा अदमासे एक मिलिमीटर जाडीचा धरला, तर साडेआठ वर्षांत आरपार भोक! कुठे ठिणगी नाही, ऊब नाही, आवाज नाही.

मिठाचा पाझर

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. चेशायरमधल्या विन्सफर्डला जमिनीखाली मोठी खाण आहे, तिथून येणारं तपकिरी खडेमीठ आपल्याला रस्त्याच्या कडेच्या पेट्यांमध्ये दिसतं. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो आणि रस्ता निसरडा होत नाही. माणसं वाचतात, गाड्या मरतात.

मीठ तीन प्रकारे छळतं. एक, खाऱ्या पाण्यातून आयन सहज फिरतात, म्हणजे आपल्या चौरंगाचा चौथा पाय मजबूत होतो. दोन, लोखंडावर ऑक्साइडचा एखादा रक्षक पापुद्रा तयार होत असेल तर क्लोराइड आयन तो फोडतात. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात कावेबाज: मीठ गाडीला वाळू देत नाही.

हे आपल्याला नवीन नाही. पावसाळ्यात बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटतं; मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे टाकायची पद्धत त्यासाठीच. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला ३३ टक्के आर्द्रता पुरते. म्हणजे पाऊस नसतानाही, दुपारी तुम्हाला हवा कोरडी वाटत असतानाही, गाडीच्या पोकळीत बसलेलं मीठ ओलंच असतं.

रत्नागिरीला आमच्याकडे फियाट होती. खरं तर प्रीमियर पद्मिनी, फियाटच्या परवान्यावर कुर्ल्याला बनलेली. पण घरात सगळे फियाटच म्हणत. मागच्या सीटसमोर पायाखाली भोक पडलं होतं. बाबांनी त्यावर गोणपाट, गोणपाटावर रबरी मॅट टाकली होती. पावसाळ्यात खड्ड्यातून गाडी गेली की आमच्या पोटऱ्यांवर कारंजं उडायचं आणि आम्ही खिदळायचो. सोलापूरच्या मामांकडेही त्याच वर्षाची पद्मिनी होती. तिचा पत्रा शेवटपर्यंत ठणठणीत राहिला. कारखाना तोच, पत्रा तोच. एकीला समुद्राची हवा, दुसरीला कोरडी. खारट धूळ नसेल तर साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या खाली लोखंड जवळजवळ गंजतच नाही. फरक नशिबाचा नव्हता, आर्द्रतेचा आणि मिठाचा होता.

आणि ते गोणपाट! आज विचार करते तेव्हा वाटतं, बाबांनी भोक झाकायला नेमकी ओलावा धरून ठेवणारी वस्तू निवडली होती.

जिथे हवा कमी, तिथे गंज जास्त

आता आपल्या अंदाजाला चकवणारा भाग. गंजायला ऑक्सिजन लागतो, मग जास्त ऑक्सिजन असेल तिथे जास्त गंज चढायला हवा, नाही का? उलट होतं.

केंब्रिजचे युलिक एव्हान्स यांनी हे एका थेंबात दाखवलं. घासलेल्या लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात दोन दर्शक मिसळायचे: एक हायड्रॉक्साइड दिसला की गुलाबी होणारा, दुसरा विरघळलेलं लोखंड दिसलं की निळा होणारा. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते आणि मध्यभाग निळा. कडेला पाण्याचा थर पातळ, तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. तिथे ऋणाग्र तयार होतं. मध्यभागी ऑक्सिजन कमी, तिथे धनाग्र. ऑक्सिजन कडेला वापरला जातो, पण लोखंड झिजतं मध्यभागी. चोरी एकाने करायची आणि मार दुसऱ्याने खायचा, तसंच.

आता हा थेंब गाडीखाली न्या. चाकाच्या कमानीत साचलेला चिखल. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून वेल्ड केलेली शिवण. तडकलेल्या काळ्या लेपामागे शिरलेलं पाणी. या सगळ्या जागा थेंबाच्या मध्यभागासारख्या आहेत: आत ओल आहे, ऑक्सिजन नाही. बाहेरच्या हवेशीर पत्र्यावर ऋणाग्र, आत फटीत धनाग्र. ऋणाग्राचं क्षेत्रफळ मोठं आणि धनाग्राचं लहान, त्यामुळे सगळी झीज त्या इवल्याशा फटीत एकवटते.

पुढे फट स्वतःच स्वतःला पोसू लागते. आत लोखंडाचे धनभारित आयन वाढले की भाराचा तोल राखायला बाहेरचे क्लोराइड आयन आत ओढले जातात. लोखंडाच्या आयनांची पाण्याशी अभिक्रिया होऊन आतलं पाणी आम्लधर्मी होतं. आम्ल आणि क्लोराइड एकत्र आले की झीज आणखी वेगाने. शिवाय गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. तो फुगतो, शिवण उचकटतो, फट रुंदावतो, आणखी पाणी आत येतं.

म्हणून जुन्या गाडीच्या रंगावर शेंगदाण्याएवढा फुगवटा दिसला तर तो आजाराची सुरुवात समजू नका. पुष्कळदा आतून खात खात गंज शेवटी बाहेर पोचलेला असतो. माझ्या मायनरच्या सिलमध्ये आत रंग जवळजवळ नव्हताच. तळाशी पाणी निघून जायला ठेवलेली भोकं कुणीतरी त्या काळ्या लेपाने बुजवली होती. गाडी वाचवण्यासाठी फासलेल्या लेपानेच तिला आतून बुडवलं होतं.

चौरंगाचा कोणता पाय काढायचा?

चारपैकी एक पाय निघाला तरी चौरंग कोसळतो. गंजावरचे सगळे उपाय या एका प्रश्नात बसतात: हा उपाय कोणता पाय काढतो?

रंग आणि प्रायमर पाण्याची वाट अडवतात. कोणताही रंग पूर्ण जलरोधक नसतो, पण आयनांना तो चांगला अडवतो, आणि तेवढं पुरतं. अट एकच: खाली मीठ आणि सैल गंज राहता कामा नये.

पोकळ भागात मारायचं मेणाचं द्रावण हेच काम करतं. आपल्याकडे पावसाळ्याआधी कोयता, खोरं, विळी तेल चोळून ठेवतात, तोच हा विचार. बिडाच्या तव्यावर तेल तापवून तापवून जो काळा, गुळगुळीत थर बसतो तोही हाच: तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तयार झालेली टिकाऊ कातडी. मेणाचा फायदा असा की ते मऊ राहतं, तडकत नाही, फटींमध्ये ओघळत जातं. तो काळा लेप मात्र वर्षं गेली की कडक होतो, तडकतो आणि मागे पाणी कोंडून धरतो.

जस्ताची युक्ती वेगळी. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देतं. दोन्ही एकमेकांना चिकटून ओले झाले की धनाग्राची भूमिका जस्त घेतं आणि लोखंडाला सक्तीने ऋणाग्र बनावं लागतं. जस्त झिजतं, लोखंड वाचतं. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ही कल्पना ब्रिटिश नौदलासाठी वापरली होती. जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असे, तो झिजू नये म्हणून त्याने त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं, प्रयोग यशस्वी! आणि मग तळावर शिंपले आणि शेवाळ माजलं, जहाजं मंदावली. कारण झिजणाऱ्या तांब्याचे विषारी आयनच इतके दिवस त्यांना दूर ठेवत होते. विज्ञानात उत्तर बरोबर येऊनही पंचाईत होते ती अशी. लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा थर चढवण्याचं पेटंट पुढे १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी घेतलं. आजच्या गाड्यांचा पत्रा बहुधा जस्त चढवलेलाच असतो, म्हणून त्या पूर्वीसारख्या सडत नाहीत.

इथे एक सावधगिरीची सूचना. बाजारात गाडीच्या बॅटरीला जोडायची गंजविरोधी इलेक्ट्रॉनिक यंत्रं मिळतात. “जहाजं आणि पाइपलाइन अशाच वाचवतात” अशी त्यांची जाहिरात असते. जहाजाबाबत ते खरं आहे, कारण जहाज अखंड समुद्रात बुडालेलं असतं आणि पाइप अखंड ओल्या मातीत. संरक्षण देणाऱ्या धनाग्रापासून पत्र्याच्या प्रत्येक ठिकाणापर्यंत पाण्याची सलग वाट असते. गाडी हवेत उभी असते. इथला थेंब तिथल्या थेंबाला जोडलेला नसतो. प्रवाह जाणार कुठून? ते पैसे मेणावर आणि पाण्याच्या नळीवर खर्च करा.

गंज काढायचा कसा?

सुट्या, लहान भागांसाठी मला सगळ्यात आवडणारी पद्धत म्हणजे विद्युत अपघटन. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घ्या, लिटरला चहाचा एक चमचा या हिशेबाने धुण्याचा सोडा घाला. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडा. दोन्ही एकमेकांना लागू देऊ नका. चार्जर चालू केला की भागावरून बुडबुडे येऊ लागतात. आपण पत्र्याला ऋणाग्र व्हायला भाग पाडलेलं असतं. गंजाचा काही भाग काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, उरलेला बुडबुड्यांनी सैल होऊन निघतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. वायर ब्रशने धुवा, लगेच कोरडा करा, त्याच दिवशी प्रायमर मारा. नाहीतर संध्याकाळपर्यंत नवा तांबूस थर हजर.

पाच गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे उघड्यावर करा आणि जवळ ठिणगी नको. तारा काढण्याआधी चार्जर बंद करा. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ वापरू नका, क्लोरीन वायू निघतो. आणि स्प्रिंगसारखे कडक पोलादी भाग यात घालू नका. हायड्रोजन पोलादात शिरला की ते ठिसूळ होतं आणि नंतर ताणाखाली अचानक तुटू शकतं.

गाडीलाच जोडलेल्या भागांसाठी गंज बदलणारी द्रावणं मिळतात. काहींत फॉस्फोरिक आम्ल असतं, त्याने गंजाचं लोहफॉस्फेट होतं. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं टिकला त्यामागेही फॉस्फरस आहे: आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांच्या अभ्यासानुसार, त्या लोखंडातल्या जास्त फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर रक्षक फॉस्फेटचा थर तयार झाला.

दुसऱ्या प्रकारच्या द्रावणात टॅनिक आम्ल असतं. ते लावलं की तांबूस गंज तासाभरात निळसर काळा होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. आवळा लोखंडी कढईत काळा पडतो, मेंदी लोखंडी कढईत भिजवली की गडद होते, हिरडा आणि हिराकस उकळून पूर्वी पोथ्या लिहायची शाई करत. सगळीकडे तीच जोडी, टॅनिन आणि लोखंड. गंजावर आपण शाईच बनवत असतो!

पण ही द्रावणं पातळ, घट्ट बसलेल्या गंजापुरतीच. पापुद्रे सुटत असतील तर ती खालपर्यंत पोचत नाहीत, आणि आत दडलेलं क्लोराइड तसंच राहतं. म्हणून आधी खरवडणं, मग गोड्या पाण्याने भरपूर धुणं, मग पूर्ण वाळवणं. जिथे पत्राच उरलेला नाही तिथे कोणतंही रसायन पत्रा परत आणत नाही. तिथे कापायचं, चकचकीत धातू लागेपर्यंत कापायचं, आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. पुट्टी हा रंगाखालचा साज आहे, तो भार उचलत नाही.

बघायला जाताना, आणि नंतर सांभाळताना

माझ्या चुकीतून तुम्ही शिकावं म्हणून:

• फ्रिजवरचं छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्या. सिल, दारांचा तळ, चाकांच्या कमानी यांवरून फिरवा. चिकटत नसेल तिथे पुट्टी आहे.
• गालिचे उचला. सीटखाली, डिकीत सुट्या चाकाच्या खळग्यात हात घाला. ओल हाताला कळते.
• ताज्या काळ्या लेपाकडे संशयाने बघा. गाडी विकायच्या आधी लेप का दिला, हा प्रश्न विचारायचा असतो.
• स्प्रिंग, स्टिअरिंग, सीटचे पट्टे जिथे जोडलेले असतात त्याच्या आसपासचा पत्रा सगळ्यात महत्त्वाचा. इथल्या तपासणीत अशा जोडाच्या ३० सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा जास्त गंजला असेल तर गाडी नापास होते. सूट असली तरी हे माप आपल्यापुरतं पाळा.
• मालकाची परवानगी घेऊन टोचून बघा. परवानगी मिळाली नाही, तर तेही उत्तरच आहे.

सांभाळताना मुख्य मंत्र एकच: ओल साचू देऊ नका. पाणी निघायची भोकं वर्षातून दोनदा तारेने मोकळी करा. मिठाच्या रस्त्यावरून आलात की खालून गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः कमानींच्या आतल्या कडा. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली गाडी गुंडाळून ठेवू नका, आत दव साचतं. आणि खारवलेली, ओली गाडी उबदार बंद गॅरेजमध्ये लावणं हा उपकार नाही. उष्णतेने अभिक्रिया वेगाने होतात आणि बर्फ वितळून खारं पाणी फटींत शिरतं. थंड पण वाहती, कोरडी हवा केव्हाही चांगली.

ब्रेकच्या तेलाकडेही लक्ष असू द्या. नेहमीचं ग्लायकॉलचं तेल हवेतली ओल शोषतं. त्याने तेलाचा उत्कलनबिंदू उतरतो आणि सिलिंडर आतून गंजतात. गाडी कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदला. दारात उभी असतानाही ते ओल पीतच असतं. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ फुंकू नका की कोरडी झाडू नका.

मायनरचं पुढे काय झालं?

खालचा लेप खरवडायला मला आठ शनिवार लागले. लेकीने चुंबक घेऊन गाडीभर फिरत, जिथे चिकटलं नाही तिथे खडूने फुल्या मारल्या. एकूण सतरा फुल्या झाल्या. दोन्ही सिल, मागच्या डाव्या स्प्रिंगचा आधार आणि सीटखालचा अर्धा तळ कापावा लागला. वेल्डिंग मी शिकले, ट्रेही जोडून पाहिला, पण भार पेलणारे जोड अनुभवी माणसाकडून करून घेतले. माझ्या वेल्डिंगवर माझाच भरवसा नसेल तर लेकीने तो का ठेवावा? मेण मात्र मीच भरलं. पट्ट्यांच्या बोल्टमागे जाड पोलादी पट्ट्या वेल्ड करून घेतल्या.

मग सूट असूनही गाडी तपासणीला नेली. तपासनीस म्हणाला, “या गाडीला हे लागत नाही, माहीत आहे ना?” म्हटलं, “गाडीला नाही, मला लागतं.” तो वीस मिनिटं खाली टॉर्च घेऊन होता. तेवढा वेळ मी पीएचडीच्या तोंडी परीक्षेतसुद्धा घाबरले नव्हते. पास झाली.

बाबांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. ते म्हणाले, “ही तर आपली बेबी हिंदुस्तान!” बरोबरच होतं, हिंदुस्तान मोटर्सने एकेकाळी हीच मायनर भारतात त्या नावाने बनवली होती. मग म्हणाले, “पायाखाली बघू दे.” मी कॅमेरा खाली नेला. नवा राखाडी पत्रा, कडेला मेणाचा पिवळट ओघळ. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तेव्हा असं काही करता येतं हे माहीत असतं तर गोणपाट टाकलं नसतं गं.”

आता या लेखातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल. येत्या रविवारी पाण्याची नळी घ्या आणि आपल्या गाडीच्या चाकामागची कमान आतून धुऊन काढा. जो चिखल पडेल, तो म्हणजे एव्हान्सच्या थेंबाचा मध्यभाग.